आधी पाटी, मग गोळ्या

"आरोग्य धोरण कसं ठरतं, यावर तुमचा अनुभव लिहा," असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं की धोरण मी कधी पाहिलेलं नाही. मी भिवंडीच्या एका सरकारी दवाखान्यात औषधं देत होते. धोरण माझ्यापर्यंत यायचं ते खोक्यातून, आणि खोकं बहुतेक वेळा अर्धंच भरलेलं असायचं. संपादक म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहिते आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथे अजून माझ्या ओळखीची माणसं नोकरीत आहेत आणि त्यांना सुखाने निवृत्त व्हायचं आहे.

माझ्या पदाचं नाव औषधनिर्माता. मी आयुष्यात एकही औषध निर्माण केलं नाही. पूर्वी मिक्श्चर ढवळून बाटल्या भरत, तेव्हा ते नाव पडलं आणि तसंच राहिलं. लोक कंपाउंडरबाई म्हणत. काम असं, की डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं वाचायचं, म्हणजे बरंचसं ओळखायचं, गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत घालायच्या आणि कधी घ्यायच्या ते समजावून सांगायचं. माझ्यासमोर जाळीची खिडकी होती आणि जाळीखाली हात आत येईल एवढी फट. जाळीला इतक्या वेळा रंग दिला होता की भोकं बुजत आली होती आणि पलीकडचा चेहरा नीट दिसत नसे. त्यामुळे मी माणसं हातांवरून ओळखायला शिकले. नारपोलीत लूमवर आयुष्य काढलेल्यांच्या अंगठ्याचं टोक धागे बांधून बांधून चपटं झालेलं असे. खाडीकडच्या म्हाताऱ्यांच्या तळव्यांना दोरीचे घट्टे असत. रस्त्यात कोणी हसून नमस्कार केला तर मी गोंधळायची, पण त्याने हात पुढे केला की नाव आठवायचं.

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे औषध पाच दिवसांचंच मिळे. ताप-खोकल्याला हा नियम चांगला आहे. पाच दिवसांत ताप जातो किंवा माणूस परत येतो. ब्लड प्रेशर असं जात नाही. पण नियम करणाऱ्याने तापाचा विचार करून नियम केला होता आणि नंतर तो बदलीवर गेला होता. मग प्रेशरची म्हातारी माणसं दर पाच दिवसांनी येत, केसपेपर काढत, डॉक्टरांसमोर बसत, डॉक्टर तेच लिहीत आणि मी त्याच गोळ्या देत असे. जास्त दिल्या तर साठा संपेल, लोक बाहेर विकतील, ऑडिटवाले विचारतील, अशी वरच्यांची भीती होती. म्हाताऱ्यांनी प्रेशरच्या गोळ्या कोणाला विकल्या असत्या ते मला अजून कळलेलं नाही.

अशा येणाऱ्यांत बायजाबाई होती. अंबाडीच्या पुढच्या एका गावची, मजुरी करणारी, नवरा वारलेला. तिच्या गावाजवळ प्रेशरची गोळी कधी असे, कधी नसे, म्हणून ती जीप पकडून भिवंडीला यायची. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. आदल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत तिने येणं सोडलं होतं. लावणी संपता संपता एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं आणि उजव्या हातातून तांब्या पडला. ती त्यातून वाचली. तोंड बरंचसं सरळ झालं, हातही हलायला लागला. डॉक्टरांनी मात्र सांगितलं की गोळी पुन्हा सुटली तर पुढच्या वेळी हात परत येणार नाही, कदाचित वाचाही.

डॉक्टर तपासताना तिला स्वतःची दोन बोटं दाबायला लावत. मीही खिडकीतून तेच सुरू केलं. पुडी देण्याआधी मी बोट फटीतून पुढे करायची आणि म्हणायची, "दाब." ती दाबायची. पुढे पुढे मी सांगण्याआधीच दाबायला लागली. इतर लोक बघून आपलीही बोटं दाबून घ्या म्हणायला लागले, तेव्हा मला रागवावं लागलं.

"यंदा लावणीत काय करणार आहेस?" मी तिला उन्हाळ्यात विचारलं.

"काय करनार बाय? लावनी सोडून कशी येऊ? कामाला न्हाय गेली तं पोटाला काय गोल्या खाऊ?"

मला तिची काळजी वाटत होती आणि माझ्या हातात पाच दिवसांची पुडी होती.

आता ज्येष्ठ नागरिक संघ. त्या काळात असे संघ गावोगाव निघत होते. बहुतेक ठिकाणी सकाळी हसण्याचा व्यायाम आणि वर्षातून एक सहल एवढंच चाले. आमच्याकडच्या संघाला अध्यक्ष भेटले ते अंजूरचे काथोडअण्णा पाटील. अण्णांच्या भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली होती. पांढरे कपडे, पायात चप्पल, बाहेर गाडी आणि ड्रायव्हर. अण्णांना स्वतःला प्रेशर होतं, पण त्यांचा डॉक्टर ठाण्याला होता. मी एकदा विचारलं, "अण्णा, तुम्हाला या रांगेचं काय पडलंय?"

"बाई, माझ्या जागेवर गोदाम आला म्हनून मी ठान्याला जातो," अण्णा म्हणाले. "खाडीच्या अंगाला आनखी थोडी सरकून असती तं गोदाम आला नसता. मंग मी हितंच उभा असतो."

संघाचे सचिव भोईर गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गुरुजींचा अर्जावर विश्वास होता. दर महिन्याला ते सुवाच्य अक्षरात अर्ज करत आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा' लिहीत. अर्जावर आवक क्रमांक पडे आणि 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं उत्तर जाई. गुरुजी त्या उत्तराला पुन्हा पोच देत. असा तो पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी अत्यंत सभ्यपणे चालला होता.

संघाचा पहिला विजय म्हणजे ज्येष्ठांसाठी वेगळी रांग. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण दवाखान्यात येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक म्हातारेच, त्यामुळे वेगळी रांग साध्या रांगेच्या दुप्पट झाली. नारपोलीचे रहीमचाचा, लूमवरून निवृत्त झालेले आणि दम्याने बेजार, तिथे पाच मिनिटं उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, ये बुढ्ढों की लाइन है या मय्यत का जुलूस? मैं तो जवानों में जाता हूँ, उधर जल्दी नंबर आएगा." हळूहळू सगळेच म्हातारे तरुणांच्या रांगेत गेले. वेगळ्या रांगेचा फलक पुढे बरीच वर्षं होता आणि त्याखाली झाडूवाली बादली ठेवायची.

त्यानंतर अण्णांनी सूत्रं हातात घेतली. म्हाताऱ्यांच्या संघटनेजवळ काय असतं, याचा त्यांनी नीट हिशेब केला होता. मोर्चा काढला तर अर्धे वाटेत बसतात. उपोषण करता येत नाही, कारण गोळी जेवणानंतरची असते. पण वेळ मात्र भरपूर असतो. म्हणून अण्णा शिष्टमंडळ घेऊन साहेबांकडे जाऊन बसायला लागले. नुसते बसत.

साहेब म्हणजे आमचे वैद्यकीय अधीक्षक. माणूस चांगला होता, फक्त सही करायला घाबरायचा. "अण्णा, नियम माझा नाही. वरून आलेला आहे," ते म्हणत.

"मंग वर जो बसलाय त्याला खाली बोलवा. आमच्यानं जिना चढवत न्हाय."

साहेब चहा मागवत. चहानंतर अडचण सुरू होई. दवाखान्यात एकच स्वच्छ संडास होता आणि तो साहेबांच्या खोलीला जोडलेला होता. शिष्टमंडळातल्या प्रत्येकाला वयोमानानुसार उठावं लागे. एक आत जाई, दुसरा दाराशी उभा राही, तिसरा साहेबांच्या टेबलाला टेकून वाट बघे. मधुमेहाचे दोन सदस्य अण्णांनी मुद्दाम घेतले होते. साहेब फायलीवर मान घालून बसत, मागे नळ वाहत राही. असं काही आठवडे चाललं. शेवटी एका दुपारी साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांचं औषध देतो. साठच्या वरच्यांना, प्रेशर-शुगरवाल्यांना. आदेश काढतो."

गुरुजींचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच आभाराचा अर्ज लिहिला.

मी मात्र अण्णांना व्हरांड्यात गाठलं. "पंधरा दिवसांनी बायजाबाईचं भागणार नाही. तिकडे आपली लावणी झाली की दुसऱ्याची, असं महिनाभर चालतं. मधे ती येणार नाही."

"महिना," अण्णा म्हणाले.

"महिना तरी हवाच."

अण्णांनी मान हलवली आणि चपला घालून गेले. साहेबांचा आदेश टेबलावरच होता. सही व्हायची होती. एक आठवडा गेला, दुसरा गेला. गुरुजी स्मरणपत्राचा मसुदा करायला लागले, तेव्हा अण्णा त्यांना म्हणाले, "गुरुजी, कागदाला वालवी लागते. आपन दगडावर लिवू."

आमच्या भागात कोनशिलेला फार मान. बस थांब्याला कोनशिला, बोअरिंगला कोनशिला, नुसत्या गटारालाही कोनशिला, आणि वर पाहुण्याचं नाव. अण्णांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हाताऱ्यांसाठी बाकं दिली आणि साहेबांना सांगितलं, बाकांचं उद्घाटन करू, शेजारी एक संगमरवरी पाटी लावू, तिच्यावर औषधाचंही लिहू. साहेबांना बाकं हवीच होती. ते हो म्हणाले. प्रमुख पाहुणे म्हणून अण्णांनी एका लोकप्रतिनिधींना बोलावलं. नाव सांगत नाही, ते अजून उद्घाटनं करतात.

कार्यक्रमाच्या दिवशी पाटीवर मखमलीचा पडदा होता. पाहुणे आले, हार झाले, गुरुजींचं प्रास्ताविक झालं. मी खिडकी बंद करून मागे उभी होते. पाहुण्यांनी दोरी ओढली आणि पडदा पडला. मोठ्या काळ्या अक्षरांत पाहुण्यांचं नाव होतं आणि त्याखाली कोरलेलं होतं: 'या दवाखान्यात साठ वर्षांवरील नागरिकांना रक्तदाब व मधुमेहाची एक महिन्याची औषधे एकाच वेळी मिळतील.'

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पाटीकडे पाहत होते. पंधरा दिवस कुठेच नव्हते.

पाहुण्यांनी स्वतःच्या नावापासून सुरुवात करून मजकूर मोठ्याने वाचला. त्यांना तो फार आवडला. "ही माझी संकल्पना आहे," त्यांनी माइकवर जाहीर केलं, "आणि हे इथंच थांबता कामा नये. आपल्या संबंध तालुक्यात हे झालं पाहिजे." टाळ्या झाल्या. साहेबांनीही वाजवल्या, कारण फोटो काढला जात होता.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी अण्णांना बाजूला घेतलं. "अण्णा, आपलं पंधरा दिवस ठरलं होतं."

"हां," अण्णा म्हणाले. "कारागिराचा हात चुकला वाटतं. पुसून टाका तुमी. वर पावन्याचा नाव हाय, तेवढा सांभालून पुसा."

त्या कारागिराने अंजूरच्या निम्म्या गोदामांवर मालकांची नावं कोरली होती आणि त्याचा हात पूर्वी कधी चुकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उघडते तर खिडकीसमोर पिशव्या घेऊन म्हातारी माणसं उभी. प्रत्येक जण पाटीकडे बोट दाखवत होता. साहेब खिडकीशी आले आणि जाळीतून हळूच विचारलं, "साठा किती आहे?"

"पाटीला पुरेल इतका नाही," मी म्हटलं.

इथे मला साहेबांचं कौतुक सांगितलं पाहिजे. त्यांनी खोलीत जाऊन वर पत्र लिहिलं की माननीय लोकप्रतिनिधींनी जाहीर केल्याप्रमाणे वाढीव साठा मिळावा, आणि सोबत पाटीचा फोटो जोडला. वरच्यांना वाटलं पाहुण्यांनी ठरवलं. पाहुण्यांना वाटलं वरच्यांनी ठरवलं. हे ठरवलं कोणी, असं कोणीच कोणाला विचारलं नाही. साठा आला. मग साहेबांनी आदेशावर सही केली आणि तिथे 'पंधरा दिवस' खोडून 'एक महिना' लिहिलं. धोरण ठरताना मी पाहिलं ते एवढंच.

बायजाबाई लावणीच्या तोंडावर आली. आता आदेशात साठ वर्षं लिहिलेली आणि तिच्याकडे वयाचा दाखला नाही. संघाचं ओळखपत्र चालेल असं साहेबांनी कबूल केलं. पण संघात तोवर एकही बाई नव्हती. ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्या ध्यानातही आली नव्हती. गुरुजी बाकावर कार्ड घेऊन बसले आणि तिला जन्मतारीख विचारली.

"मना काय ठाव?"

गुरुजींनी तिच्या नातवंडांची वयं विचारली, मनाशी आकडेमोड केली आणि एक जून लिहून टाकली. आयुष्यभर शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यांनी हीच तारीख लावली होती. कार्ड घेऊन ती खिडकीशी आली. मी महिन्याच्या गोळ्यांची पुडी फटीतून सरकवली. गोंदलेला हात तिथेच थांबला.

"येवड्या?" ती म्हणाली. "बाय, खरा सांग. मना परत बोलवायचा न्हाय का? डाक्तर काय बोलला?"

तिला वाटलं, आता तिच्यात काही राहिलं नाही म्हणून आम्ही एकदम देऊन मोकळे होतो आहोत. तिला पटवून द्यायला मला बराच वेळ लागला. मागची रांग चिडली. शेवटी तिने माझं बोट दाबलं आणि गेली.

लावणीचे दिवस मी फटीतून येणारा प्रत्येक हात बघत काढले. ती यायची नव्हतीच, तरी बघत होते. महिना भरला तशी एका सकाळी तो हात आला. नखांत चिखल तसाच. मी बोट पुढे केलं. तिने दाबलं, पण आधीपेक्षा हलकं.

"गोळ्या घेतेस ना रोज?"

तिने हात मागे घेतला. म्हणाली, "जावेला पन तोच दुखना हाय. ती येवडी लांब येऊ न्हाय शकत. एक दिवस ती खाते, एक दिवस मी खाते."

मी तिला खूप बोलले. एवढी खटपट कोणासाठी केली, म्हाताऱ्यांनी किती बसून काढलं, हे सगळं मी जाळीतून तिला ऐकवलं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "मंग तिनं काय करायचा?" मला रडू आलं आणि मी पाठ फिरवून खोकी लावत बसले.

तिला पुढच्या महिन्याच्या गोळ्या दिल्या. जावेच्या देता येत नव्हत्या. माणूस डॉक्टरांसमोर आल्याशिवाय औषध द्यायचं नाही, आणि हा नियम शहाणपणाचा आहे. दुपारी मी अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे आता अंबारीला पाटी लावाला पायजे," ते म्हणाले.

"अण्णा, अंबाडी आमच्या हद्दीत नाही. तिथे लावायला दवाखान्याची भिंतही आपली नाही."

"पावना माइकवर तालुका बोललेला. अंबारी तालुक्यात हाय का न्हाय?"

अंबाडीच्या नाक्यावर अण्णांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची भिंत होती. तिथे तोच कारागीर पाटी लावून आला. वर पाहुण्यांचं नाव, खाली मजकूर: 'येथे दर बाजारच्या दिवशी ज्येष्ठ नागरिकांना तपासणी करून एक महिन्याची औषधे मिळतील.' तिथे डॉक्टर नव्हता, औषधं नव्हती, टेबलही नव्हतं. फक्त पाटी होती आणि तिच्यासमोर अण्णांनी दिलेलं बाक. पण बाजाराला आलेल्यांनी पाटी एकमेकांना वाचून दाखवली आणि दर बाजारच्या दिवशी म्हातारी माणसं त्या बाकावर येऊन बसायला लागली. बाक पुरेना, तेव्हा ओळीने जमिनीवर बसली. पाहुण्यांची गाडी वाडा गावाकडे जाताना त्यांना आपल्या नावाखाली एवढी माणसं बसलेली दिसली. त्यांनी खाली उतरून विचारलं, कशाची वाट बघता? लोक म्हणाले, तुमची.

त्यातून काही घडायला वेळ लागला. मधल्या काळात बायजाबाई आणि तिची जाऊ एक दिवसाआड गोळ्या खात राहिल्या, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. प्रत्येक महिन्याला ती बोट दाबायची आणि मी मनातल्या मनात आधीच्या महिन्याशी ताडून बघायची. पण शेवटी फिरत्या दवाखान्याची गाडी बाजारच्या दिवशी अंबाडीला यायला लागली. तिच्यावर डॉक्टर होते आणि एक फार्मासिस्ट, आणि औषधांचा साठा तिला आमच्याच दवाखान्यातून जाई. सरकारी कागदात त्या योजनेचा उगम काय लिहिला आहे, मी पाहिलेलं नाही.

बायजाबाई माझ्या खिडकीवर यायची बंद झाली. मी खूप दिवस वाट पाहिली. गाडी सुरू झाली म्हणून येत नसेल, असं मी स्वतःला सांगत होते, पण गोंदलेला हात दिसला नाही की धाकधूक व्हायची. दुसरं कारणही असू शकत होतं, आणि आमच्या धंद्यात हात यायचा थांबला तर बहुतेक वेळा ते दुसरंच कारण असतं.

मग एका बाजारच्या दिवशी दवाखान्यातला फोन वाजला. गाडीवरचा फार्मासिस्ट बोलत होता. औषधांचा साठा कधी मिळेल ते विचारून झाल्यावर तो जरा घुटमळला.

"मॅडम, एक विचारू? तुमच्याकडे पूर्वी येणारी एक म्हातारी आहे इथे. हातावर गोंदण. जावेला घेऊन येते. पुडी घेतली की ती माझं बोट धरून दाबते. दर वेळी. मागच्या वेळी मी हात काढून घेतला तर रांग सोडायला तयार नव्हती. हे कशासाठी?"

मी विचारलं, "जोरात दाबते?"

"जोरात म्हणजे? दुखतं हो."

"मग देत जा बोट," मी म्हटलं आणि फोन ठेवला. खिडकीवर पुढचा हात आला होता.